'तारण' म्हणजे नक्की काय? सोनेतारण आणि बायबलमधलं तारण

प्रश्न एका ताईंचा आहे, सोलापूरच्याच. शेजारच्या ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर त्यांनी बायबल वाचायला घेतलंय, पाप, विश्वास, तारण हे नीट समजून घ्यायचंय, पण 'तारण' आलं की डोळ्यापुढं पतसंस्थेचा 'सोनेतारण कर्ज मिळेल' हा बोर्डच येतो म्हणतात. आणि सरळ मोक्ष का म्हणत नाहीत, हाही प्रश्न आहे.

ताई, आधी क्रियापदं बघा. मरणे-मारणे तसं तरणे-तारणे. तरतो तो स्वतः पार होतो, तारतो तो दुसऱ्याला पार नेतो, 'देव तारी त्याला कोण मारी' मधला तारी तोच. तारण हे नाम या तारण्यावरून आलंय, म्हणजे तारणारा दुसरा कोणीतरी आहे हे शब्दातच बसलेलं आहे. आता बोर्डाचं बघू, आपल्याकडं कर्ज 'बुडतं' म्हणतात ना, ते बुडू नये म्हणून जे हाताशी धरून ठेवायचं ते तारण, असा विचार केला की दोन्ही अर्थ जवळचे वाटायला लागतात. फरक क्रियापदानं कळतो, दागिना तारण 'ठेवतात', माणसाचं तारण 'होतं'. आणि ते होतं, आपण करत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बायबलमधलं इफिसकरांस पत्र 2:8 (म्हणजे दुसरा अध्याय, आठवं वचन) काढा, तिथं कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे असं आहे, आणि लगेच पुढं, हे तुमच्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे.

मोक्ष म्हटलं की आपल्या कानाला जन्ममरणाचा फेरा ऐकू येतो, आणि मोक्ष आपण 'मिळवतो', 'साधतो'. बायबलमध्ये तो फेराच नाही, इब्री 9:27 मध्ये माणसाला एकदाच मरण आणि मग न्याय असं स्पष्ट आहे, म्हणून सुटका फेऱ्यातून नाही, पापापासून आहे. मत्तय 1:21 मध्ये येशू हे नाव ठेवायचं कारणच ते दिलंय, तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील.

पापाचंही तसंच. आपल्याकडं पाप लागतं, पाप फेडावं लागतं, कुठल्या जन्मीचं पाप म्हणून कपाळाला हात लावतात. रोमकरांस 3:23 मध्ये मात्र सर्वांनी पाप केलंय आणि ते देवाच्या गौरवाला 'उणे पडले' असं आहे. ग्रीकमधला मूळ शब्द हामार्तिया, जुना अर्थ नेम चुकणं. जुन्या करारातलं, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातलं, पापासाठीचं हिब्रू क्रियापदही तसलंच, शास्ते 20:16 मध्ये केसावर नेम धरून गोफण मारणारे आणि न चुकणारे सातशे डावखुरे आहेत, तिथं 'न चुकणारे' साठी तेच क्रियापद वापरलंय. रोमकरांसमध्येच पुढं 6:23 मध्ये पापाचे 'वेतन' मरण आणि देवाचे 'कृपादान' युगानुयुगाचे जीवन अशी जोडी येते, वेतन म्हणजे कमावलेला पगार आणि दान म्हणजे न कमावता हातात आलेलं, हे गिरणगावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

विश्वासात एक गोची आहे. 'देवावर विश्वास आहे' म्हणजे आपण बहुतेक वेळा देव आहे असं मानतो एवढंच म्हणतो. पण याकोब 2:19 म्हणतो की देव एकच आहे हे भुतंसुद्धा मानतात आणि थरथर कापतात, त्यामुळं नुसतं मानणं पुरत नाही. विश्वास 'ठेवायचा' असतो, म्हणजे आपला भार समोरच्यावर टाकायचा, ग्रीक पिस्तिसमध्ये हा भरवसा आणि निष्ठा दोन्ही येतात.

हे सगळं एकत्र बघायचं तर दोन बायकांच्या गोष्टी शेजारी ठेवून वाचा. मार्क 5 मध्ये बारा वर्षं रक्तस्रावानं त्रासलेली बाई गर्दीत मागून येऊन येशूच्या कपड्याला शिवते, आणि लूक 7 मध्ये गावात पापी म्हणून ओळखली जाणारी बाई शिमोन नावाच्या परुश्याच्या (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी येशूचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते. पहिलीला तो म्हणतो तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे, दुसरीला तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे. ग्रीकमध्ये दोन्हीकडं वाक्य एकच, शब्दाला शब्द! मराठीत प्रसंग बघून एकीकडं बरे आणि एकीकडं तारले केलंय, चूक नाही, पण दोन्ही एकच आहे हे कळलं की तारण फक्त मेल्यानंतरचं काहीतरी आहे हा समज जातो, शरीर बरं होणं, लाज जाणं, माणसांत परत येणं हेही त्यातच आलं.

अजून एक शब्द तुम्हाला अडवेल, मार्क 10:45 मधली 'खंडणी', येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देतो ती. पेपर वाचून खंडणी म्हणजे गुंडांचंच काम वाटतं, तिथं मात्र गुलाम किंवा कैदी सोडवायला भरायची किंमत असा अर्थ आहे, दागिना 'सोडवून आणला' म्हणतो तो सोडवणे.

आणि तुमची मैत्रीण तेलुगू बोलणारी असेल (सोलापूरच्या पूर्व भागातली असेल तर शक्यता जास्तच) तर तिच्या बायबलात तारणाच्या जागी 'रक्षण' असेल, कन्नडमध्येही 'रक्षणे', हिंदीत 'उद्धार'. तेव्हा दोघींनी इफिसकरांस 2:8 आपापल्या भाषेत मोठ्यानं वाचा आणि प्रत्येकीच्या वाक्यात ते करणारा कोण आहे ते बघा.