एकदम कॅल्विनला हात घालू नकोस

अरे, परवा तलावपाळीवर तू विचारलंस ना, देवाला आधीच सगळं माहितीय तर पाप माझं कसं, तर पहिलं हे बघ की माहीत असणं वेगळं आणि घडवून आणणं वेगळं. ठाणे स्टेशनच्या पुलावरून तू लोकलसाठी धावताना मला दिसलास म्हणून मी तुला पळवलं असं होतं का? सहाव्या शतकात बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने कैदेत असताना जवळपास हेच मांडलं, देव काळाच्या बाहेरून सगळं एकदम बघतो. पण पूर्वनियोजनाचा, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवल्याचा, प्रश्न याने सुटत नाही हां (धर्मसुधारक कॅल्विनचं नाव याच मताशी जोडलं जातं), तिथे देव नुसता बघत नाही, निवडतो. त्यासाठी आधी विद्वान इरॅस्मसचं माणसाच्या मुक्त इच्छेवरचं १५२४ चं पुस्तक आणि त्याला धर्मसुधारक ल्यूथरने १५२५ मध्ये दिलेलं उत्तर दोन्ही जोडीने वाच, ल्यूथर रोजच्या खाण्यापिण्यातलं स्वातंत्र्य मान्य करतो, तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, बाबतीत अजिबात नाही, हा फरक लोक सर्रास विसरतात. आणि बायबलमधलं रोमकरांस पत्र, नववा अध्याय एकटा नको, अकरावा संपेपर्यंत सलग वाच.