गोष्ट सांगतंय कोण?

प्रश्न : वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तरी एक माणूस रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघतो, अशी कथा लिहिलीय. आधी तृतीयपुरुषी लिहिली तर ग्रुपमधले म्हणाले कोरडी वाटते. आता त्याच्या दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी घातलीय, पण बापाच्या मनात काय चाललंय ते तिला कसं कळणार? निवेदक कोण ठेवू?
— एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, मुलगीच ठेवा! तिला कळत नाही याची तुम्हाला अडचण वाटतेय, पण तुमच्या कथेची सगळी ताकद तिथेच आहे. सगळं जाणणारा निवेदक घेतला की तो 'नोकरी गेल्याचं घरी कसं सांगावं या विचाराने तो हैराण झाला होता' असं एका दमात सांगून मोकळा होतो आणि मग वाचकाला काही करायला उरतच नाही. आता मुलीकडून ऐका. 'बाबांच्या शर्टाला हल्ली ऑइलचा वास येत नव्हता, आई म्हणाली बरं झालं, साबण कमी लागतो.' मुलीला यातलं काही कळलेलं नाही, कदाचित आईलाही नाही, पण वाचकाच्या पोटात गोळा येतो.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) परत काढून वाचा, ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात नक्की मिळेल. तिथे गोष्ट सांगतो तो बाहेरून आलेला तरुण मास्तर, त्यामुळे धनगरांची ती वाडी, कारभारी, तिथली रीतभात हे सगळं त्याच्यासोबत आपल्यालाही हळूहळू उलगडत जातं. वाडीतल्याच कुणी सांगितली असती तर त्यातलं निम्मं त्याला सांगावंसंही वाटलं नसतं, कारण त्याचं ते रोजचंच.

एक मात्र सांभाळा. पाठवलेल्या पानांत तुमची मुलगी एके ठिकाणी 'कामगारांची परवड' म्हणते, हे शब्द तिचे नाहीत, तुमचे आहेत, आणि त्या ओळीला ती एकदम पुसली जाते, मला वाचताना फार वाईट वाटलं कारण तोवर ती इतकी खरी होती. तिने डबा बघावा, चपला बघाव्या, बाबा दुपारीच तलावपाळीला बसलेले दिसले तर हाक मारावी, पण अर्थ लावू नये.

बापाचं मन दाखवायचंच असेल तर त्यालाही बोलता करता येतं. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन असे वेगवेगळे जण आपापल्या तोंडून बोलतात. पण ती केवढी मोठी कादंबरी, दहा पानांच्या कथेत दोन आवाज आणले तर दोघंही अर्धे राहतील असं मला वाटतं.

प्रश्न : 'मी' वापरून लिहिलं की नातेवाईक मलाच विचारतात, हे तुझ्या घरात झालं का. काय करू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : विचारू देत. कथेतला 'मी' हे तुम्ही घडवलेलं पात्र आहे, तो तुमच्यापेक्षा भित्रा असू शकतो, खोटंही बोलू शकतो, आणि त्याला ती मोकळीक दिली नाहीत तर तुम्ही प्रत्येक वाक्य मामा-मावशी काय म्हणतील या धास्तीने लिहाल. हयात माणसाची नोकरी, गाव, आजारपण असं ओळखू येण्यासारखं काही असेल तर तेवढं बदला आणि कथा पाठवून द्या.