बाळ मऊ प्लास्टिकचे खेळणे सतत चावते. ते धुऊन दिले तर पुरेसे आहे का?

आपले आठ महिन्यांचे बाळ जत्रेतून आणलेले मऊ बदक दिवसभर चावते, विक्रेत्याने ते ‘बीपीए-मुक्त’ (म्हणजे बिस्फेनॉल-ए हे रसायन नसलेले) असल्याचे सांगितले आहे, आणि गरम पाण्याने धुतल्यावर धोका उरतो का, असे आपण विचारले आहे. अशी मऊ खेळणी बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकची असतात, आणि मऊ पीव्हीसीची कंपाउंड्स, म्हणजे कारखान्यांना लागणारी तयार मिश्रणे, बनवण्याच्या व्यवसायात मी काम केले आहे. धुण्याने धूळ आणि काही जंतू जातात. ज्या रसायनाची काळजी करायला हवी, ते मात्र प्लास्टिकच्या अंगातच मुरलेले असल्यामुळे धुऊन जात नाही.

पीव्हीसी मुळात कडक असते. पाण्याचे पाइप त्याचेच बनतात. त्याला लवचीक करण्यासाठी प्लास्टिसायझर मिसळतात आणि मऊ खेळण्याच्या वजनात त्याचा वाटा एक तृतीयांशापर्यंतही असू शकतो. यातला जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे थॅलेट्स या रसायनांच्या गटातले डीईएचपी, ज्याला आपल्या बाजारात डीओपी म्हणतात. ते पीव्हीसीच्या रेणूंच्या साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, म्हणून हळूहळू बाहेर पडते. जुने रेक्झिन कडक होऊन तडकते, त्यामागेही बहुधा हेच कारण असते. लाळ आणि चावण्याचा दाब यांमुळे हे बाहेर पडणे वाढते, आणि उष्णतेनेही वाढत असल्याने खेळणे उकळण्यात काही हशील नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांत डीईएचपीमुळे नर पिल्लांच्या प्रजननसंस्थेच्या वाढीवर परिणाम झालेला दिसला आहे. माणसांतील पुरावा तितका निर्विवाद नाही; तरीही युरोपीय संघाने १९९९ मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या तोंडात घालण्याच्या खेळण्यांतील सहा थॅलेट्सवर तातडीची बंदी घातली आणि २००५ च्या निर्देशाने त्यांपैकी तिघांवर सर्वच खेळण्यांत ०.१ टक्क्याची मर्यादा आणली. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि त्यामागील आयएस ९८७३ या मानकाचा भाग ९ थॅलेट्सविषयीच आहे.

‘बीपीए-मुक्त’ या शब्दाने मात्र फसू नये. बीपीए हा प्रामुख्याने पॉलिकार्बोनेटसारख्या कडक, पारदर्शक प्लास्टिकचा प्रश्न आहे. मऊ बदकात थॅलेट आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. वासावरूनही कळत नाही, कारण डीईएचपीला जवळजवळ वासच नसतो.

जत्रेतल्या सुट्या, वेष्टन नसलेल्या खेळण्यावर बहुधा कोणतेच चिन्ह नसते. अशी वस्तू चावायला देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. खोलीत लांब ठेवलेले बदक आणि रोज तासन्‌तास तोंडात असलेले बदक यांत फार फरक आहे, कारण शरीरात जाणारी मात्रा तोंडातल्या वेळेवर बरीच अवलंबून असते. नवीन खेळणे घेताना आयएसआय चिन्हाजवळचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो; नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो. भावंडांकडून आलेली २०२१ पूर्वीची मऊ खेळणीही मी याच कारणाने तोंडापासून दूर ठेवीन. दात येताना शिवशिवणाऱ्या हिरड्यांसाठी गार केलेला स्वच्छ ओला सुती कपडाही चालतो, अर्थात आपण जवळ असताना.

आतापर्यंत बाळाने जे चावले, त्याबद्दल घाबरून जाण्याचे किंवा रक्ततपासणी करून घेण्याचे कारण मला दिसत नाही: थॅलेट्स शरीरात साठून राहत नाहीत, त्यांचे विघटन होऊन बहुतांश भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो.