संशोधन पेपरच्या निनावी परीक्षकांचे आभार कसे मानावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माहिती प्रणाली या विषयाच्या एका जर्नलकडे तुम्ही पहिला पेपर पाठवला. छापायचा की नाही हे ठरण्याआधी पेपर तपासणाऱ्या त्याच विषयातल्या दोन परीक्षकांनी पानंच्या पानं सूचना केल्या, त्यातून पेपर सुधारला. या कामाचे त्यांना पैसे मिळत नाहीत हे तुम्हाला नंतर कळलं. ज्यांचं नावही माहीत नाही त्यांचे आभार मानायचे कसे, आणि मानायची गरज आहे का?

गरज आहे. का ते आधी सांगते, कारण कसे मानायचे ते त्यातूनच ठरतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. परीक्षक म्हणजे काय हे मला बरीच वर्षं खऱ्या अर्थाने माहीत नव्हतं. माझा सगळ्यात पहिला पेपर जिथे छापून आला तिथे पैसे भरले आणि तिसऱ्या दिवशी 'स्वीकारला' असा मेल आला. एक शब्द बदलायला कुणी सांगितलं नाही. घरी पेढे आणले होते. तो पेपर कुणी वाचलाच नव्हता हे पुढे लक्षात आलं, आणि त्याचं दुःख अजून आहे.

नंतरचा पेपर कापसावरचा होता. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमच्याकडे पऱ्हाटीची काय दशा केली ते विदर्भात कुणाला सांगायला नको. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले. त्यामुळे बोंडअळीचा सल्ला मोबाईलवर वेळेत पोहोचतो का, आणि पोहोचला तर कास्तकार तो वापरतो का, हा माझ्यासाठी नुसता पेपरचा विषय नव्हता. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली 'एमआयएस क्वार्टरली' या जर्नलमध्ये मांडलेलं एक मॉडेल आमच्या विषयात सगळेच वापरतात. एखादी गोष्ट माणसाला उपयोगाची वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, या दोन गोष्टींवरून तो ती वापरेल की नाही याचा अंदाज करायचा. मी त्यावर प्रश्नावली बेतली, चार गावांत फिरून भरून घेतली आणि पेपर पाठवला. उत्तर यायला पाच महिने लागले.

पहिल्या परीक्षकाचा तिसरा मुद्दा एका ओळीचा होता: तक्ता ३ मधल्या टक्केवारीची बेरीज १०४ येते. मी ती ओळ वाचून थांबले. जगात कुठे तरी बसलेल्या एका माणसाने माझ्या तक्त्यातल्या आकड्यांची बेरीज करून पाहिली होती. ती मी केली नव्हती, माझ्या सहलेखकाने केली नव्हती.

दुसऱ्या परीक्षकाचं टिपण चार पानांचं होतं. त्यातला एक प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे: तुम्ही ज्याला वापरकर्ता म्हणता त्याच्याच हातात फोन असतो, हे तुम्ही तपासलं आहे का?

नव्हतं तपासलं. प्रश्नावली घरच्या कर्त्या पुरुषाने भरली होती, कारण सातबारा त्याच्या नावावर. मी पुन्हा गावात गेले. एका घरी काकू अंगणात तूर पाखडत होत्या. फोन कुठे आहे म्हणून विचारलं तर त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीच्या गजाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, त्यात फोन. घरात रेंज फक्त तिथेच येते.

"फोन तर पोट्ट्याचा हाये मॅडम. मले कुठी वाचता येते! थो शाळेतून आला का वाचून दाखवते."

"आणि मग?"

"मंग मी सकाळी वावरात जाऊन फुलपाखरं मोजतो."

फुलपाखरं म्हणजे कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढून घेणाऱ्या सापळ्यात, अडकलेले बोंडअळीचे पतंग. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. मेसेज दुपारी यायचा, मुलगा संध्याकाळी वाचायचा, पतंग काकू मोजायच्या, आणि फवारायचं की नाही ते काका ठरवायचे. 'मेसेज वापरायला सोपा वाटतो' या वाक्यापुढे खूण मात्र काकांनी केली होती, आणि त्यांनी तो मेसेज कधी उघडलेला नव्हता. पुढच्या घरात हेच, त्याच्या पुढच्या घरात थोडं वेगळं. माझा वापरकर्ता एक माणूस नव्हता, घर होतं. अर्धा पेपर पुन्हा लिहिला. आज त्या पेपरमध्ये काही सांगण्यासारखं असेल तर ते त्या एका प्रश्नामुळे आहे.

तो प्रश्न विचारणाऱ्याला काय मिळालं? पैसे नाहीत. नाव नाही, कारण आमच्या विषयातल्या बऱ्याच जर्नलमध्ये लेखकाला परीक्षक माहीत नसतो आणि परीक्षकाला लेखक. एखादा पेपर नीट तपासायला चार-सहा तास सहज जातात, किचकट असला तर रविवार जातात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज केला होता की २०२० या एका वर्षात जगभरच्या परीक्षकांनी मिळून १० कोटींहून जास्त तास या कामाला दिले. आकडा मोठा आहे, पण मला त्यात माझ्या तक्त्याची बेरीज करणारा एक माणूस दिसतो.

आमच्याकडे इर्जिक असते. कुणाची पेरणी मागे पडली, घरात आजारपण आलं, बैल बसला, की शेजारपाजारचे आपापल्या जोड्या घेऊन त्याच्या वावरात उतरतात. दिवसभर औतं चालतात, मजुरी कुणी घेत नाही, घरधनी जेवू घालतो आणि दुसऱ्याची वेळ आली की स्वतःची जोडी घेऊन जातो. परीक्षकांचं काम मला या रीतीतलं वाटतं. फरक एवढाच की इथे वावरात कोण उतरलं होतं ते दिसत नाही. म्हणून जेवू घालायची रीतही जरा वेगळी करावी लागते.

परीक्षकाला सगळ्यात आधी जे पोहोचतं ते सुधारित पेपरसोबतचं तुमचं उत्तरपत्र. संपादक ते परीक्षकांना दाखवतात. तिथे प्रत्येक मुद्द्याखाली 'आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभार' असं एकच वाक्य चिकटवू नका. वीस वेळा तेच वाचून त्याला काही वाटत नाही. त्यापेक्षा त्याने काय विचारलं, तुम्ही काय केलंत, कुठल्या पानावर काय बदललं ते लिहा. मी त्या फोनच्या प्रश्नाखाली काकूंच्या खिडकीची हकीकत लिहिली होती. आपला प्रश्न घेऊन कुणी पुन्हा गावात गेलं हे वाचणं परीक्षकाला हजार धन्यवादांहून मोठं असणार, असं मला तेव्हा वाटलं. पुढे मी स्वतः परीक्षण करायला लागल्यावर ते खरं निघालं.

नंतर पेपरच्या शेवटी आभाराचा मजकूर. 'निनावी परीक्षकांचे आभार' एवढं बहुतेक जण लिहितात. तुम्ही अर्धं वाक्य जास्त लिहा: कशाबद्दल. आम्ही लिहिलं की वापरकर्ता म्हणजे व्यक्ती नसून घर आहे, या मांडणीकडे आम्हाला एका परीक्षकाने नेलं. श्रेय त्याचंच होतं, ते छापील राहिलं पाहिजे.

परीक्षक कोण असेल याचा शोध मात्र करू नका. लिहिण्याच्या पद्धतीवरून ओळखायचं, मग थेट मेल करायचा, भेट पाठवायची, हे कितीही प्रेमाने केलं तरी त्याला अवघडवणारं आहे. निर्णय व्हायचा असताना तर ते सरळ सरळ चूक आहे. मनातलं सांगायचं असेल तर संपादकांना पत्र लिहा आणि परीक्षकांपर्यंत पोहोचवा अशी विनंती करा.

टीका बोचली असेल तरी आभार मानायचे का? इथे मला आइन्स्टाइनची गोष्ट आठवते. १९३६ साली त्यांनी नेथन रोझेन यांच्यासोबत 'फिजिकल रिव्ह्यू' या जर्नलकडे पेपर पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा निष्कर्ष होता. संपादकांनी तो परीक्षकाकडे दिला आणि त्याच्या हरकतींचं लांब टिपण परत आलं. छापण्याआधी पेपर दुसऱ्या कुणाला दाखवलाच कसा, म्हणून आइन्स्टाइन रागावले आणि पेपर मागे घेतला. पुढे प्रिन्स्टनमध्ये हॉवर्ड रॉबर्टसन या सहकाऱ्याच्या बोलण्यातून चूक कळली, निष्कर्ष बदलला, आणि १९३७ साली पेपर दुसरीकडे छापून आला. त्यात मूळ चूक उलगडायला मदत केल्याबद्दल त्यांनी रॉबर्टसन यांचे आभार मानले आहेत. तो परीक्षक रॉबर्टसनच होते. जर्नलच्या जुन्या नोंदीवरून ते जगाला कळलं २००५ साली, आइन्स्टाइनना जाऊन पन्नास आणि रॉबर्टसनना जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाल्यावर.

म्हणजे राग येऊ द्या, दोन दिवस टिपण बाजूला ठेवा, मग पुन्हा वाचा. मुद्दा पटला नाही तर कारण देऊन नम्रपणे नाही म्हणा, तोही मान देण्याचाच प्रकार आहे. पेपर न वाचता दोन ओळींत वाट लावणारे परीक्षकही असतात. त्यांच्याबद्दल संपादकांना शांतपणे कळवावं, खोटे आभार मानू नयेत.

जर्नलवाले आपल्या परीने करतात. वर्षाच्या शेवटी परीक्षकांची यादी छापतात, प्रमाणपत्र देतात, काही जण उत्तम परीक्षकाचा सन्मान करतात, ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या ऑनलाइन ओळख-खात्यावर परीक्षणाची नोंद ठेवता येते. मोठ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाला त्या कागदाचं काही वाटत नसेल. आमच्यासारख्या कॉलेजातल्या शिक्षकाच्या फाईलला तो लागतो, आणि घरी दाखवायलाही लागतो. संपादकांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझी विनंती आहे की ते प्रमाणपत्र नुसतं आपोआप पाठवू नका, त्यासोबत दोन ओळी हाताने लिहा, आणि पेपरचं पुढे काय झालं ते परीक्षकाला जरूर कळवा.

आणि तुमची जोडी घेऊन जायची वेळ. एका पेपरवर दोन-तीन जणांनी वेळ दिला असेल, तर तेवढे पेपर तपासणं तुमच्याकडे लागू होतं. बोलावणं येईल म्हणून वाट पाहू नका, संपादकांना तुमचा विषय आणि तुम्हाला येणाऱ्या पद्धती कळवा. मी तसंच केलं. आता आलेल्या प्रत्येक पेपरमध्ये मी तक्त्यांची बेरीज करते.

पेपर छापून आल्यावर मी त्याची प्रत घेऊन काकूंकडे गेले होते. इंग्रजी पानं त्यांनी उलटून पाहिली. फोन कुणाचा हे मला एका अनोळखी माणसाने विचारायला लावलं, तो कुठल्या देशातला तेही मला माहीत नाही, असं सांगितलं. काकू म्हणाल्या, "देशाचं काय घेऊन बसल्या मॅडम, कास्तकाराच्या घरातला असन थो. नाहीतं त्याले कसं समजलं?"

ते वाक्य इंग्रजीत करून मी संपादकांना पाठवलं. परीक्षकाकडे पोहोचवलं, असं त्यांचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.