शेगडी मध्येच का मंदावते?

प्रश्न : नाशिकच्या थंडीत अंगणात पाणी तापवण्यासाठी आम्ही लाकडी कोळशाची शेगडी पेटवतो, पण ती लवकरच मंदावते. काय करावे? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : बहुतेक वेळा दोष कोळशाचा नसून जाळीखाली साठलेल्या राखेचा असतो, कारण शेगडीला हवा खालच्या तोंडातून मिळते आणि ती वाट बुजली की वरून कितीही वारा घातला तरी निखारे काळवंडतात. म्हणून पेटवण्यापूर्वी राख काढावी, चुरा चाळून बाजूला ठेवावा आणि नवा कोळसा जुने निखारे लाल असतानाच थोडा थोडा घालावा. एकदम ओतलेला, त्यातही सर्द कोळसा नुसता धुमसत राहतो. शेगडी उचलून बंद खोलीत मात्र कधीही नेऊ नये, कारण धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू निघतो. आच कमी हवी असल्यास पाणी न शिंपडता खालचे तोंड अर्धे झाकावे.