केमोत केस गेल्यावर आईच्या डोक्याला काय बांधावं? विग लगेच घ्यावा का?

केस साधारण पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात (सगळ्याच औषधांनी जात नाहीत, डॉक्टरांना विचारा). तेव्हा टाळू हुळहुळी होते, नुसती उशी टोचते. म्हणून आधी मऊपणा बघा, दिसणं नंतर.

आमच्या आत्याची केमो झाली तेव्हा बेळगावच्या खडे बाजारातून चकचकीत सॅटिनचे दोन स्कार्फ आणले. केस नसलेल्या डोक्यावर ते टिकेनात, सारखे घसरायचे. पदराचंही तेच. शेवटी कामाला आलं तिचंच जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं! त्याचे मीटरभर चौकोन कापले, तिरके दुमडून बांधले. गाठ मानेवर मधोमध नको, आडवं झालं की रुतते. कानामागे बाजूला घ्या. स्कार्फ रेशमी हवाच असेल तर आत सुती टोपी घाला, मग सरकत नाही.

टोपी घेताना उलटी करून शिवण बघा. जाड शिवण, लेबल, घट्ट इलॅस्टिक नको. रात्रीसाठी वेगळी पातळ टोपी ठेवा, केस नसले की डोकं फार गार पडतं. खानापूरकडच्या पावसात तर दोन-तीन जास्तच लागतील, वाळत नाहीत. आत्या तिच्या टोपीला ‘माझं टोपरं’ म्हणायची.

विग ऐच्छिक. घ्यायचाच तर केस असतानाच बघा, रंग जुळवता येतो. आणि सिंथेटिक विग घालून चुलीपुढे, गॅसपुढे अजिबात नको, आचेनं करपतो.