टेस्ला कॉइल : मॉसफेट उडतात, ठिणगी पडत नाही

प्रश्न : सॉलिड स्टेट टेस्ला कॉइलच्या (उच्च व्होल्टेजची ठिणगी पाडणारं यंत्र) हाफ ब्रिजमध्ये (आळीपाळीने चालणाऱ्या दोन स्विचांची जोडणी) दोन आयआरएफपी४६० मॉसफेट (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) आहेत. एसजी३५२५ या ऑसिलेटर चिपवरून थेट गेट ट्रान्सफॉर्मर (मॉसफेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला, सिग्नल देणारा) चालवतो. त्याला जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला पिवळा टोरॉइड (रिंगच्या आकाराचा कोअर) वापरलाय. सेकंडरी (ठिणगी देणारी उंच कॉइल) ७५ मिमी पाइपवर, ०.२ मिमी तारेचे १००० वेढे. मेन्सवर लावलं की दोन-तीन सेकंदांत दोन्ही मॉसफेट शॉर्ट होतात. हीटसिंक मोठा करूनही तेच.

उत्तर : हीटसिंक आणखी दुप्पट केलात तरी तेच होणार, कारण दुखणं गेटपाशी आहे. या मॉसफेटचं गेट पूर्ण भरायला साधारण २०० नॅनोकुलोंब चार्ज लागतो. एसजी३५२५ जेमतेम ०.४ अँपिअर देतो, म्हणजे गेट भरण्यातच अर्धा मायक्रोसेकंद जातो. आता सेकंडरीचा हिशोब करा. वाइंडिंगची उंची सुमारे २४ सेमी, इंडक्टन्स २० मिलिहेन्रीच्या आसपास. टॉपलोडसह (कॉइलच्या माथ्यावरचा धातूचा भाग) कपॅसिटन्स १२ पिकोफॅरड धरला तर रेझोनन्स (कॉइलची स्वतःची फ्रिक्वेन्सी) सव्वातीनशे किलोहर्ट्झच्या जवळ येतो. अर्धी सायकल दीड मायक्रोसेकंदाची, आणि तिचा एक तृतीयांश वेळ मॉसफेट धड चालू नाही, धड बंद नाही. त्यात एक पुरता बंद होण्याआधी दुसरा चालू झाला की ३२५ व्होल्ट डीसी सरळ दोघांतून वाहते.

पिवळा टोरॉइड काढाच. एक बाजू पांढरी असलेला तो रिंग आयर्न पावडरचा असतो, चोकसाठी बनवलेला. त्यावर १२ वेढे दिले तर १०-१५ मायक्रोहेन्री मिळतात. जास्त परमिॲबिलिटीच्या फेराइटवर तेवढ्याच वेढ्यांत काहीशे मिळतात. एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स मोजणारं मीटर) मोजून बघा, शंका राहणार नाही. फेराइटच्या रिंगवर तीन तारा एकत्र पिळून १२ वेढे द्या आणि दोन गेटांची टोकं एकमेकांच्या उलट जोडा. ड्रायव्हर म्हणून यूसीसी३७३२१ आणि यूसीसी३७३२२ ही जोडी घ्या : एक उलटवणारा, दुसरा न उलटवणारा, शिखर करंट ९ अँपिअर. दोघांच्या आउटपुटमध्ये ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, तिच्या सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरड. प्रत्येक चिपच्या पायांना अगदी चिकटून ०.१ आणि १० मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावा. दोन सेंटिमीटर लांब ठेवलेत तर नसल्यासारखेच.

प्रत्येक गेटला ६.८ ओहम, त्याला समांतर १एन५८१९ डायोड, कॅथोड ड्रायव्हरकडे. त्यामुळे गेट सावकाश भरतं, झटकन रिकामं होतं, आणि डेड टाइम (दोन्ही मॉसफेट बंद असण्याचा क्षण) आपसूक मिळतो. गेट-सोर्समध्ये १८ व्होल्टचे दोन झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारे डायोड) पाठीला पाठ लावून.

मेन्सची पिन काढून ठेवा आणि दोन्ही गेट स्कोपवर (लाट दाखवणारा ऑसिलोस्कोप) पाहा. लाटा एकमेकींच्या उलट हव्यात, माथे सपाट हवेत. माथा उतरता दिसला तर कोअर चुकीचा. हे दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग करंट लिमिट असलेल्या ३० व्होल्ट सप्लायवर चालवा, त्यानंतर व्हेरिॲक (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर). व्हेरिॲक आयसोलेशन देत नाही, म्हणजे सर्किट मेन्सपासून तुटत नाही; मेन्सवर असलेल्या ब्रिजला स्कोपची ग्राउंड क्लिप लावलीत तर तिचा स्फोट होईल.

आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीचा नाद सोडा. ठिणगी निघाली की तिचा कपॅसिटन्स वाढून रेझोनन्स खाली सरकतो. तुमचा ऑसिलेटर मात्र जागचा हलत नाही. सेकंडरीची खालची तार ५० वेढ्यांच्या फेराइट रिंगमधून एकदा न्या, रिंगचं आउटपुट १एन४१४८ डायोडांनी ० ते ५ व्होल्टमध्ये अडवा, ७४एचसी१४ (सिग्नल चौकोनी करणारी चिप) मधून ड्रायव्हरला द्या. हाच फीडबॅक.

प्रश्न : फीडबॅक लावला, तर कॉइल सुरूच होत नाही.

उत्तर : टेस्ला कॉइलच्या प्रायमरीची (सेकंडरीच्या पायथ्याशी असलेले, ब्रिजला जोडलेले वेढे) दोन टोकं अदलाबदल करा. किंवा फीडबॅक रिंगची. दोन्ही केलीत तर पहिल्याच ठिकाणी परत याल.

प्रश्न : ठिणगी ब्रशसारखी, आखूड पडते. लांब कशी करायची?

उत्तर : सतत चालवू नका. ५५५ टायमर चिपचा इंटरप्टर (कॉइल थांबवत-थांबवत चालवणारं सर्किट) लावून प्रत्येक वेळी काहीशे मायक्रोसेकंद, सेकंदाला ५० ते २०० वेळा चालवा. मॉसफेटही थंड राहतात. टॉपलोडवर एक टोकदार तार उभी करा, म्हणजे ठिणगी एकाच जागेवरून निघेल.

प्रश्न : फ्रिक्वेन्सी जास्त असल्याने करंट कातडीवरूनच जातो, म्हणून धोका नाही, हे खरं का?

उत्तर : नाही. तो नियम तांब्याच्या तारेचा. ३०० किलोहर्ट्झला शरीरातला स्किन डेप्थ (करंट पृष्ठभागापासून किती खोल जातो ते अंतर) शरीराच्या जाडीपेक्षा जास्त भरतो, त्यामुळे करंट आतून जातो. इतक्या फ्रिक्वेन्सीला नसा दाद देत नाहीत, म्हणून झटका जाणवत नाही. भाजतं मात्र आतपर्यंत. शिवाय प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये ठिणगी पडली तर सेकंडरीवर मेन्स येऊ शकते. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये जाड प्लॅस्टिकचा नळा घाला. फिल्टर कपॅसिटरवर ४७ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कायम ठेवा. ४७० मायक्रोफॅरड असेल तर बंद केल्यावर दोन मिनिटं थांबा, आणि हात लावण्याआधी मीटरने बघा. पेसमेकर किंवा श्रवणयंत्र असलेल्या माणसाला त्या खोलीत येऊ देऊ नका. खिडकी उघडी ठेवा, ओझोन साचतो.